तेरा खासदारांच्या पलीकडचा राष्ट्रपती

मुंबई, शनिवार, १६ ऑगस्ट १९६९

श्रावण नुकताच लागला आहे. रीगल सिनेमाजवळ तुम्ही बेस्टच्या दुमजली बसमधून उतरता तोच सर येते आणि छत्री उघडेपर्यंत सदरा भिजून अंगाला चिकटतो. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याने अंकांवर मेणकापड टाकले आहे. त्याखालून ‘मराठा’चे नाव डोकावते. आचार्य अत्रे जाऊन दोन महिने झालेत. समोर जुना कौन्सिल हॉल आहे. एके काळी खलाशांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या या दगडी इमारतीत आता महाराष्ट्राची विधानसभा भरते. तुमच्या खिशात एका मराठी दैनिकाचा पास आहे, त्यामुळे फाटकावरचा शिपाई तुम्हाला आत सोडतो.

आत आज भाषणे नाहीत, घोषणा नाहीत. आमदार एकेक करून येतात, यादीत नाव शोधले जाते, हातात मतपत्रिका पडते. मतदारांच्या या यादीत मुख्यमंत्री वसंतराव नाईक आहेत, तसेच दोन वर्षांपूर्वी बारामतीहून पहिल्यांदाच निवडून आलेले २८ वर्षांचे शरद पवारही आहेत. तुम्ही काळ ओलांडून आला आहात, म्हणून एवढी सवलत घ्या: एका आमदाराच्या खांद्यावरून डोकावा. त्याचा चेहरा पाहू नका, पक्ष विचारू नका, फक्त कागद पाहा.

कागदावर १५ नावे आहेत आणि प्रत्येक नावापुढे रिकामा रकाना. इथे फुली मारायची नसते, शिक्काही उमटवायचा नसतो. पसंतीचा क्रम आकड्यांत लिहायचा असतो. आमदार एका नावापुढे १ लिहितो. तो आकडा तो घरूनच ठरवून आला आहे. मग त्याचे पेन थांबते. २ कुणापुढे लिहायचा? लिहायचा तरी का? दोन-तीन क्षण तो कागदाकडे पाहत राहतो. अखेर काहीतरी लिहितो, कागदाची घडी घालतो आणि पेटीत टाकतो.

त्या घडीची किंमत १४६ आहे. राज्याची लोकसंख्या भागिले विधानसभेच्या जागा, भागिले एक हजार, असा तो हिशेब. १९६१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख भरली होती आणि जागा २७०, म्हणून इथल्या आमदाराच्या मताचे मूल्य १४६. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे १७४. दिल्लीत मत देणाऱ्या प्रत्येक खासदाराचे ५७६. हा ५७६चा आकडा लक्षात ठेवा. पुढच्या प्रवासात तोच तुम्हाला वाट दाखवणार आहे.

आधी ही निवडणूक अवेळी का आली ते पाहू. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असतानाच वारले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैत बंगलोरला काँग्रेसची बैठक भरली. पंतप्रधान इंदिरा गांधींना राष्ट्रपतिपदासाठी जगजीवनराम हवे होते. पक्षाच्या संसदीय मंडळाने बहुमताने लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरवले. अध्यक्ष निजलिंगप्पा, कामराज, मोरारजी देसाई आणि मुंबईचे स. का. पाटील ही ‘सिंडिकेट’ म्हणून ओळखली जाणारी मंडळी त्यामागे होती. गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांनीही रेड्डींच्याच बाजूने कौल दिला.

त्यानंतर दिवसागणिक घडामोडी घडल्या. १६ जुलैला इंदिराजींनी मोरारजींचे अर्थखाते काढून घेतले. १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही गिरींची. दुसऱ्याच दिवशी गिरींनी दोन्ही पदे सोडली आणि अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. राष्ट्रपती भवनात सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला आले. नागपुरात वकिली केलेले आणि पुढे तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले हे गृहस्थ पस्तीस दिवस देशाचे हंगामी राष्ट्रपती होते.

तिसरे नाव मराठी माणसाला सगळ्यांत जवळचे: चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नात्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले अर्थमंत्री. आता ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचे उमेदवार आहेत. गिरी आणि देशमुख यांच्यात एक जुना धागा आहे. १९५४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला, म्हणून मजूरमंत्री गिरींनी राजीनामा दिला. तेव्हा अर्थमंत्री देशमुख होते. तत्त्वासाठी नेहरूंचे मंत्रिमंडळ सोडलेले दोघे आज एकाच मतपत्रिकेवर आहेत. शिवाय १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती देशमुखांच्याच काळात, आणि आज त्यांना उभे करणारे पक्ष मात्र बँक राष्ट्रीयीकरणाचे विरोधक आहेत. यादीत खाली आणखी एक मराठी नाव दिसेल: पांडुरंग नथुजी राजभोज. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे हे नेते १९५२ साली सोलापुरातून लोकसभेवर गेले होते.

दिल्ली, बुधवार, २० ऑगस्ट १९६९

राज्याराज्यांतून मतपेट्या आल्या आहेत. संसद भवनाबाहेर जांभळाच्या झाडांखाली फुटपाथ जांभळा झाला आहे. आत मतपत्रिकांचे गठ्ठे राज्यवार लावले जातात, कारण प्रत्येक राज्याच्या कागदाची किंमत वेगळी. आधी कागद मोजायचे, मग मूल्याने गुणायचे, मग बेरीज. तुमच्या हातातल्या वहीत आकडे उतरू लागतात.

पहिल्या पसंतीची मते: गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. राजभोज ८३१. वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७. जिंकायला हवे त्याच्या निम्म्याहून एक जास्त, म्हणजे ४,१८,१६९. तो टप्पा कुणीच गाठलेला नाही. गिरी पुढे आहेत, पण १६,६५४ने कमी पडतात. भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आजवर कधी घडले नव्हते ते आता घडणार: दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागणार.

तुम्ही मुंबईला ट्रंक कॉल लावता. खरखरीतून वृत्तसंपादकांचा आवाज येतो. “अहो, आकडे पहिल्या पसंतीचे की शेवटचे? नीट सांगा. पान थांबवून ठेवलंय.” शेवटचे अजून यायचे आहेत, असे सांगून तुम्ही फोन ठेवता. मागच्या बाकावर दोन खासदार हलक्या आवाजात बेरीज करताहेत. देशमुखांची मते रेड्डींकडे वळली तर? ३,१३,५४८ अधिक १,१२,७६९ म्हणजे ४,२६,३१७. रेड्डी राष्ट्रपती! दोघांच्याही चेहऱ्यावर रंग चढतो.

एकेक उमेदवार बाद होत जातो, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. अखेर देशमुखही बाद होतात. मग शेवटचे आकडे येतात: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. आवश्यक आकड्यापेक्षा गिरींना फक्त १,९०८ जास्त, रेड्डींपेक्षा १४,६५० जास्त. पक्षाच्या अधिकृत उमेदवाराचा पराभव झाला आणि त्या उमेदवाराच्या अर्जावर खुद्द पंतप्रधानांची सही होती.

हा आपला इतिहास. आता वही मिटू नका. पर्यायी इतिहासात जायचे तर रस्ता याच बेरजेतून शोधावा लागतो. मनाला येईल तिथे भिंत फोडली की पलीकडे काहीही दिसते, आणि काहीही दिसणे म्हणजे काहीच न दिसणे.

तीन दारे

पहिले दार रिकाम्या रकान्यांचे. शेवटच्या दोघांची बेरीज एकूण मूल्यापेक्षा १०,८३३ने कमी भरते. या मतपत्रिका वाटेत संपल्या. गिरी किंवा रेड्डी यांच्यापैकी कुणाकडेही त्या पोचल्या नाहीत. कौन्सिल हॉलमध्ये ज्या आमदाराचे पेन थांबले होते, तसे थांबलेले हात देशभर होते. त्या सगळ्यांनी पुढचा आकडा रेड्डींसमोर लिहिला असता तर? रेड्डी ४,१६,२६० वर जातात आणि तरीही हरतात. हे दार उघडत नाही.

दुसरे दार देशमुखांच्या मतदारांचे. बाद झालेल्या सगळ्या उमेदवारांचे मिळून १,२१,२७४ मूल्य होते. त्यातले ९१,८७९ रेड्डींना मिळाले, १८,५६२ गिरींना. त्या १८,५६२ पैकी ७,३२६ मूल्य रेड्डींकडे वळते, तर निकाल फिरतो. हे दार किलकिले आहे. पण देशमुखांना पहिली पसंती देऊन दुसरी गिरींना देणारा मतदार बहुधा सिंडिकेटवर नाराज असावा. त्याचे मन वळवायला तुमच्याकडे कारण हवे, आणि तसे कारण त्या ऑगस्टमध्ये मला तरी दिसत नाही.

तिसरे दार पहिल्या पसंतीचे. गिरींना मत दिलेल्या फक्त १३ खासदारांनी रेड्डींना पहिली पसंती दिली असती, तर गिरींचे ७,४८८ मूल्य कमी होऊन रेड्डींचे तेवढेच वाढले असते. मग शेवटी रेड्डी ४,१२,९१५ आणि गिरी ४,१२,५८९. आवश्यक आकडा दोघांनाही गाठता येत नाही, पण शेवटच्या दोघांत ज्याचे मूल्य कमी तो बाद होतो. रेड्डी ३२६ने निवडून येतात. तेरा खासदार किंवा महाराष्ट्राचे ५१ आमदार. एवढीच या दाराची रुंदी.

आणि या दाराला कारणही आहे. रेड्डींना दुसऱ्या पसंतीची मते मिळावीत म्हणून निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले होते. त्या भेटीने इंदिराजींच्या बाजूला हवा तो मुद्दा मिळाला: काँग्रेसचा उमेदवार ज्यांच्या मदतीने निवडून येणार, त्या पक्षांचा काँग्रेसच्या धोरणांना विरोध आहे. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी जाब विचारला. पक्षादेश निघाला नाही. मतदानाच्या आधी विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याची हाक आली. साम्यवादी, द्रमुक, अकाली गिरींकडे होतेच. आता काँग्रेसचे आमदार-खासदारही मोठ्या संख्येने तिकडे गेले. दुसऱ्या पसंतीच्या शोधात निघालेल्या पक्षाध्यक्षांनी पहिल्या पसंतीची मते घालवली. गिरींना नको म्हणणारे जनसंघ-स्वतंत्रचे मतदार बहुधा न मागताही दुसरी पसंती रेड्डींना देणारच होते.

म्हणून आपण एवढाच बदल करू: ती भेट होत नाही. बाकी सगळे तसेच. तेरा खासदार आपल्या पक्षाच्या उमेदवारासमोर १ लिहितात. आता दार ढकला.

पलीकडची दिल्ली

टेलिप्रिंटर खडखडतो. रेड्डी विजयी. जंतरमंतर रोडवरच्या काँग्रेस कचेरीसमोर ढोल वाजू लागतात, गुलाल उधळला जातो. कामराज गर्दीतून वाट काढत आत जातात, चेहऱ्यावर काही उमटू देत नाहीत. १९६४ साली शास्त्रीजींच्या आणि १९६६ साली इंदिराजींच्या मागे पक्ष उभा करणारा हा माणूस आता तिसऱ्यांदा पंतप्रधान ठरवणार का, हा प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांत आहे.

तुम्ही सफदरजंग रोडवर जाता. एक नंबरच्या बंगल्यासमोर गर्दी तिथेही आहे: बँकेतले कारकून, टॅक्सीवाले, रिक्षावाले. बँकांच्या निर्णयानंतर ते रोज येत होते, आजही आले आहेत. तुमची पहिली शंका इथेच फिटेल. रेड्डी निवडून आले म्हणून बँका पुन्हा शेठजींकडे जात नाहीत. वटहुकुमावर गिरींची सही आधीच झाली आहे आणि त्याचा कायदा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात हिदायतुल्लांच्या संमतीने अमलात आला आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना तो तसाच आहे.

फरक पक्षात आहे. आपल्या इतिहासात नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा लोकसभेतले साठच्या आसपासच सदस्य सिंडिकेटबरोबर गेले. बाकीचे इंदिराजींकडे राहिले. कुंपणावर बसलेल्यांनी गिरींचा विजय पाहून उडी मारली. इथे त्यांनी रेड्डींचा विजय पाहिला आहे. पंतप्रधानांनी अर्जावर सही केलेला उमेदवार त्यांच्या मनाविरुद्ध निवडून आला, हे सगळ्यांना दिसले आहे. संसदीय पक्षाची बैठक बोलावण्याची मागणी होते. नेता बदला, असे कुणीतरी उघड म्हणते.

आता तुम्ही गृहमंत्र्यांच्या बंगल्यावर आहात. ओसरीवर साताऱ्या-कराडकडची मंडळी बसली आहेत, चहाचे पेले फिरताहेत. “साहेबांनी बंगलोरला बरोबर ओळखलं होतं,” एक जण म्हणतो. दुसरा त्याच्या पुढे जातो. “आता साहेबच!” आपल्या इतिहासात बंगलोरला रेड्डींसाठी हात वर केलेले यशवंतराव नंतर इंदिराजींबरोबर राहिले आणि जून १९७० मध्ये त्यांचे गृहखाते जाऊन अर्थखाते आले. इथे ते जिंकलेल्या बाजूचे आहेत. सह्याद्रीचा माणूस दिल्लीच्या सर्वोच्च खुर्चीत बसण्याची शक्यता इथे खरोखर दाराशी आहे.

पण ओसरीवरच्या मंडळींना एक आठवण करून द्या. मोरारजी देसाई अजून आहेत. मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद त्यांच्यानंतर यशवंतरावांकडे आले, तेव्हापासून या दोघांची वाट एक नाही. मोरारजींचा दावा जुना आहे, १९६६ साली ते इंदिराजींशी लढून हरले आहेत आणि या संघर्षात पहिला घाव त्यांनीच सोसला आहे. म्हणून मला या बाजूला मोरारजी जास्त शक्य वाटतात. पण दोघांच्या भांडणात कामराजांनी तिसरा मार्ग काढायचे ठरवले, तर बोट यशवंतरावांकडेही वळू शकते.

अजून एक फाटा आहे. इंदिराजी नेतेपद सोडण्याऐवजी राष्ट्रपती भवनात जातात आणि लोकसभा विसर्जित करा असा सल्ला देतात. तेव्हाच्या राज्यघटनेत मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक आहे असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले नव्हते; ते १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने आले. राजेंद्रप्रसादांनी १९६० साली हा प्रश्न जाहीरपणे काढला होता आणि तो सुटला नव्हता. सिंडिकेटला रेड्डी हवे होते ते याच मोकळ्या जागेसाठी, अशी त्या काळी सर्रास कुजबुज होती. रेड्डी ऐकतील की नाही? ऐकले तर १९७० मध्येच निवडणूक होते. बैलजोडी हे चिन्ह अधिकृत काँग्रेसकडे राहते, इंदिराजी नवे चिन्ह घेऊन गावोगाव फिरतात आणि बांगलादेशचे युद्ध अजून वर्षभर पुढे आहे.

पुढे सरका. १० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द केला. चारच दिवसांनी नवा वटहुकूम निघाला. इंदिराजी पंतप्रधानपदी टिकल्या असतील, तर त्यावर सही रेड्डींची हवी. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे विधेयक राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ असे पडले. दोन-तृतीयांशाला एका मताचा तिसरा हिस्सा कमी पडला. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने ग्वाल्हेरच्या शिंद्यांपासून कोल्हापूरच्या छत्रपतींपर्यंत सगळ्यांची मान्यता काढली गेली. त्यावर गिरींची सही होती. डिसेंबरात न्यायालयाने तो आदेशही रद्द केला आणि २७ डिसेंबर १९७० रोजी इंदिराजींच्या सल्ल्यावरून गिरींनी लोकसभा विसर्जित केली. या प्रत्येक वळणावर एक सही लागते. पलीकडच्या दिल्लीत सही करणारा हात दुसरा आहे.

या टप्प्यावर कल्पनेला वेसण घालणे भाग आहे. आणीबाणी टळली असती, असे म्हणायचा मोह तुम्हाला होईल. पण ऑगस्ट १९६९ मध्ये शपथ घेतलेल्या राष्ट्रपतीची मुदत ऑगस्ट १९७४ मध्ये संपते. २५ जून १९७५च्या रात्री पलीकडच्या दिल्लीतही रेड्डी राष्ट्रपती भवनात नसतात. त्या रात्रीची जबाबदारी १९६९च्या तेरा खासदारांवर टाकता येत नाही.

दिल्ली, जुलै १९७९: आपल्या बाजूची

रेड्डींनी काय केले असते, हा प्रश्न कल्पनेवर सोडण्याची गरज नाही. इतिहासाने त्याचे उत्तर दहा वर्षांनी दिले. जुलै १९७७ मध्ये तेच रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले; ३७ अर्जांपैकी ३६ बाद ठरले होते. चला, दोन वर्षे पुढे जाऊन त्यांच्या दारात उभे राहू.

१५ जुलै १९७९. पंतप्रधान मोरारजी देसाई राजीनामा देतात. ज्या अविश्वास प्रस्तावाने त्यांचे सरकार खिळखिळे झाले, तो विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांनी मांडला होता. रेड्डी सरकार बनवण्यासाठी सर्वांत आधी कुणाला बोलावतात? यशवंतरावांनाच. ज्यांनी बंगलोरला त्यांच्यासाठी कौल दिला होता, त्या यशवंतरावांना. पर्यायी इतिहासातले दार आपल्या इतिहासात खरोखर उघडले होते. पण आकडे जुळत नाहीत. यशवंतराव तसे कळवतात. मग चरणसिंग पंतप्रधान होतात आणि यशवंतराव उपपंतप्रधान.

चरणसिंगांनी लोकसभेचा विश्वास एकदाही मिळवला नाही. त्यांनी विसर्जनाचा सल्ला दिला. जगजीवनराम, म्हणजे १९६९ साली इंदिराजींना राष्ट्रपतिपदासाठी हवे होते तेच, सरकार बनवू पाहत होते. रेड्डींनी त्यांना संधी दिली नाही आणि २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. १९८० साली इंदिराजी परतल्या तेव्हा त्यांना शपथ दिली रेड्डींनीच, आणि फेब्रुवारीत त्यांच्या सरकारच्या सल्ल्यावरून नऊ राज्यांच्या विधानसभा विसर्जित झाल्या त्याही रेड्डींच्याच काळात.

हे पाहून पलीकडच्या दिल्लीचे चित्र बदलते. सल्ला झुगारून पंतप्रधानांना घालवणारा राष्ट्रपती, ही १९६९ची भीती (आणि सिंडिकेटची आशा) रेड्डींच्या प्रत्यक्ष वागण्यात दिसत नाही. पदावरच्या पंतप्रधानांनी, अगदी बहुमत सिद्ध न केलेल्यांनीही, दिलेला विसर्जनाचा सल्ला त्यांनी मानला. मात्र सरकार पडल्यावर कुणाला आधी बोलवायचे आणि कुणाला बोलवायचेच नाही, या जागेत त्यांनी आपला अधिकार पुरेपूर वापरला. म्हणून १९६९ साली ते निवडून आले असते, तर इंदिराजींना बडतर्फ करणारे राष्ट्रपती झाले नसते, असे मला ठामपणे वाटते. पण पक्षाने इंदिराजींना नेतेपदावरून काढले असते, तर पुढची हाक कुणाला जाणार हे रेड्डींनी ठरवले असते. एवढ्या फरकाने देशाचा रस्ता वेगळा झाला असता: राज्याराज्यांतले नेते आणि पक्षसंघटना यांचे वजन टिकले असते आणि मुख्यमंत्री दिल्लीहून ठरवण्याची रीत इतक्या लवकर पक्की झाली नसती. त्यातून चांगले सरकार आले असते असे मी म्हणत नाही. सिंडिकेटही काही लोकशाहीचा आदर्श नव्हती. पण सत्तेच्या दोन खांबांपैकी एक शाबूत राहिला असता.

परतीच्या वाटेवर

राष्ट्रपती म्हणजे शोभेचे पद, हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते. १९६९ आणि १९७९च्या दिल्लीत उभे राहिल्यावर ते टिकत नाही. बाराही महिने ते पद शांत असते हे खरे. पण बहुमत डळमळते, वटहुकूम समोर येतो, विसर्जनाचा सल्ला येतो, तेव्हा सगळा देश एका सहीपाशी येऊन थांबतो. ती सही कुणाची असावी हे ठरवणारी निवडणूक शोभेची कशी असेल?

आणि तिचा निकाल अटळ नसतो. गिरींचा विजय नंतर इतका ठसठशीत वाटू लागला की तो होणारच होता असे आपण समजतो. वहीतली बेरीज सांगते की तो तेरा हातांनी झाला. गुप्त मतदान होते, पक्षादेश नव्हता, कागद आणि पेन घेऊन एकेक माणूस एकटा उभा होता. त्यांच्यापैकी काहींनी धाकाने लिहिले असेल, काहींनी हिशेबाने, काहींनी खरोखर विवेकाने. देश त्यातल्या कुणालाच नावाने ओळखत नाही, तरी त्यांनी लिहिलेल्या इतिहासात आपण राहतो.

आज महाराष्ट्राच्या आमदाराच्या या मताचे मूल्य १७५ आहे. ते अजूनही १९७१च्या जनगणनेवरून धरले जाते. तो आकडा आपल्या लोकसंख्येतून आला आहे, म्हणजे आपल्याच माणसांचे वजन आमदार त्या पेटीपर्यंत नेतो. रस्ते, पाणी, शाळा यांसाठी आपण आमदार निवडतो, तो योग्यच हिशेब आहे. त्यात हा एक रकाना वाढवा: हा माणूस एखाद्या दिवशी कागद आणि पेन घेऊन एकटा उभा राहील, तेव्हा कुणाचे ऐकेल? विधानसभेला मत देताना आपण राष्ट्रपतीचा मतदारही निवडत असतो. १९६९च्या बेरजेत तेरा माणसांना जेवढे वजन होते, तेवढे वजन पुन्हा कधी कुणाच्या हाती येईल ते आधी कळत नाही. म्हणून उमेदवाराचा विवेक आपण मतदानाच्या आधीच तपासायला हवा.